सुलभा आणि सहा ते नऊचा वर्ग

सुलभा गेल्याचं मला फोनवर कळलं नाही. सकाळी नऊच्या सुमारास तिची भाची प्राजक्ता फणसवाडीतल्या आमच्या घरी आली, दारात चपला काढल्या आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी बसा." मी बसले. तिने स्वतःच आत जाऊन पाण्याचं भांडं आणलं, माझ्या हातात दिलं, आणि मग सांगितलं. पहाटे, झोपेतच. "आत्यानं बजावून ठेवलं होतं," ती म्हणाली, "वैदेहीला फोनवर सांगायचं नाही, तिचं बीपी वर जातं. कुणीतरी घरी जा, तिला बसवा, पाणी द्या आणि मग सांगा." रडू येण्याआधी मला हसू आलं, हे आज दीड महिन्यानंतर लिहायला हरकत नाही. स्वतःच्या मरणाची बातमी कुणाला कशी द्यायची याचीही नीट आखणी करून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

सुलभा तावडे आणि मी एका सहकारी बँकेच्या फोर्टमधल्या मुख्य कचेरीत एकाच आठवड्यात लागलो. संगणक विभागात, म्हणजे दिवसभर आकडे टंकायचे. तेव्हा त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत थंडगार हवा, बारा बायका, बारा संगणक आणि कळफलकांचा एकसारखा आवाज. पहिल्याच दिवशी सुलभा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय गो, प्रसाद कधी वाटतात इथं?" मी गिरगावातली, आमच्या घरात शब्द तोलून बोलायची पद्धत. ती डिलाईल रोडच्या चाळीतली, घरात मालवणी, बाहेर मुंबईची तुटक मराठी, आणि मनात आलं की बोलून मोकळी. आमचं कसं जमलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण जमलं, आणि पस्तीस वर्षांत फक्त एकदा तुटलं. ते का तुटलं, तेच मला आज लिहायचं आहे.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिचे वडील गॅलरीत स्टुलावर बसलेले होते. गिरणीत साचे खात्यात होते ते, म्हणजे मागावर. संप सुरू झाला तेव्हा सुलभा बारावीला होती, शास्त्र शाखेला, आणि गणितात वर्गात पहिली. इंजिनीअर व्हायचं ठरलं होतं. संप आठवड्यांवरून महिन्यांवर गेला, महिन्यांवरून वर्षावर, आणि मग कुणी त्याला संपही म्हणेनासं झालं. आईने घरात खाणावळ सुरू केली. सुलभाने कॉमर्सला नाव घातलं, सकाळी कॉलेज करून ती आईसोबत पोळ्या लाटायची. वडील काही महिने भिवंडीला यंत्रमागावर गेले, पण तिथल्या धुळीने खोकला धरला तेव्हा परत आले. मग कामाच्या शोधात दारोदार फिरले. एका कारखान्यात साहेबाने त्यांना विचारलं, "विणण्याशिवाय आणखी काय येतं तुम्हाला?" ते म्हणाले, "चार साचे एकदम सांभाळतो. सूत तुटलं तर आवाजावरून कळतं." साहेब हसला. वाईट हेतूने नसेल हसला, पण हसला. त्या दिवशी ते घरी आले आणि गॅलरीत बसले ते बसलेच... हे मला सुलभाने सांगितलं नाही, तिच्या आईने सांगितलं, पुढे कितीतरी वर्षांनी.

आम्ही दोघी पस्तिशीच्या पुढे गेलो होतो तेव्हा बँकेत परिपत्रक आलं. सगळ्या शाखा एका नव्या यंत्रणेने जोडल्या जाणार, आकडे त्या त्या खिडकीवरच भरले जाणार, आणि आमचा विभाग बंद होणार. येत्या दीड वर्षात ज्यांच्याकडे माहिती तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असेल, त्यांचा नव्या विभागासाठी आधी विचार होईल. बाकीच्यांना शाखांमध्ये सामावून घेतलं जाईल. सामावून घेणं म्हणजे खिडकीवर बसवणं, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही बारा जणींपैकी दहा जणींनी परिपत्रक वाचून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. दोघींनी अर्ज आणायचं ठरवलं, ती आणि मी. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, लग्न मी केलं नव्हतं, आणि सुलभाचं झालं होतं ते तीन वर्षांत मोडून ती माहेरी परतली होती. आम्हा दोघींनाही त्या नव्या विभागातल्या खुर्चीची सारखीच गरज होती.

चौकशी करता करता शिकण्यासाठी दोन ठिकाणं उरली. एक वरळीला, समुद्राकडे तोंड असलेल्या नव्या इमारतीतली खासगी संस्था. दर शनिवार-रविवार वर्ग, सव्वा वर्षात पदविका, बाजारात त्या वर्षी चालणारी सगळी सॉफ्टवेअर शिकवणार. दुसरं दादरचं जुनं कॉलेज, संध्याकाळी सहा ते नऊ, आठवड्यातले पाच दिवस, तीन वर्षं. पहिल्या सत्राच्या विषयांत संगणक एक आणि गणित दोन. टपालाने घरबसल्या करायचाही एक अभ्यासक्रम होता, पण सुलभाने तो लगेच बाजूला सारला. "घरी बसून मी आईची भाकरी थापीन, अभ्यास नाही करणार," म्हणाली. "स्वतःला ओळखते मी."

एखादी साडी घेताना बाई जेवढं उलटंपालटं करून बघते, त्याच्या दसपट तिने ते दोन अभ्यासक्रम बघितले. वरळीला आम्ही अर्धी रजा टाकून गेलो. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला गुळगुळीत पुस्तिका दिली, कॉफी दिली, नोकरीला लागलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो दाखवले. सुलभाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधेच सोडून किती जण गेले?" तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे कुणी सोडत नाही." ती म्हणाली, "बरं. आणि इथं जे शिकवता ते पाच वर्षांनी चालेल का?" तो जरा घुटमळला. मग खरं बोलला, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. "पाच वर्षांनी नवीन येईल, मॅडम. तेव्हा तुम्ही नवीन शिकाल." बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आवडलं मला. पोरगा प्रामाणिक आहे." सुलभा म्हणाली, "मलाही आवडला."

दादरला कुणी कॉफी दिली नाही. कार्यालयातल्या बाईंनी मान वर न करता अर्ज सरकवला. म्हणून सुलभा मला घेऊन पावणेसहाला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली आणि येणाऱ्यांकडे बघत राहिली. कुणी रेल्वेच्या कचेरीतून आलेला, कुणी औषध कंपनीतून, एक तर पोस्टाच्या गणवेशात. एक बाई घाईघाईने डब्यातली उसळ-पोळी खात होती. सुलभा सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली. "जमतं का हो?" बाई म्हणाली, "जमत नाही. करते." मग घास गिळून म्हणाली, "पहिल्या सत्रात अर्धे गळतात. गणितामुळे. काणेकर सर शिकवतात छान, पण ते गणित शाळेतलं नाही... माझ्या वर्गात लालबागचे परब होते, इतके हुशार, तेही गेले सोडून." सुलभाने परबांचा पत्ता विचारून घेतला.

"आता त्यांच्याकडे कशाला?" मी विचारलं.

"पास झालेले चांगलंच सांगणार गो. सोडून गेला त्याला विचारू."

त्या रविवारी आम्ही खरोखरच लालबागला, कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरी गेलो. परब आधी अवघडले. चाळिशीचा माणूस, छापखान्यात मुद्रितं तपासणारा. त्यांच्या बायकोने सरबत केलं. सुलभाने विचारलं, तुम्ही सोडलं ते कशामुळे. परबांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "शिकवण्यात खोट नव्हती ताई. मला रात्रपाळी लागली आणि जमेना. पण तिथं मी चार महिने जे शिकलो त्याने माझं डोकं बदललं. आता कुठलंही यंत्र समोर आलं तरी मी आधी विचारतो, हे आतून कसं चालत असेल." आम्ही निघालो तेव्हा त्यांनी फळीवरून दोन वह्या काढून सुलभाच्या हातात दिल्या. गणिताच्या. सुंदर अक्षर, चौकटी आखून लिहिलेलं. "माझ्याकडे पडून काय करायच्या," म्हणाले.

परतताना सुलभा म्हणाली, "मी दादर घेते."

मला वाटलं ती थट्टा करतेय. दादरला तीन वर्षं, आणि बँकेने दिलेली मुदत दीड वर्ष. पदवी हातात पडेपर्यंत नव्या विभागातल्या सगळ्या जागा भरलेल्या असणार. हे तिलाही कळत होतं. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. भारतमाता चित्रपटगृहापाशी फुटपाथवर उभ्या राहून आम्ही वाद घातला. ती म्हणाली, "वैदू, वरळीला मला एक साचा चालवायला शिकवतील. तो बंद पडला की मी काय करू?" आणि तेव्हा मी ते बोलले. मी म्हटलं, "तूही वडिलांसारखीच अडून बस. त्यांचं काय झालं ते दिसतंय ना गॅलरीत."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "बाबा अडून बसले नव्हते," ती म्हणाली. "त्यांना एकच काम येत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात." आणि रस्ता ओलांडून गेली.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही एकाच खोलीत, चार टेबलांच्या अंतरावर बसून कामापुरतं बोलत होतो. मी शनिवार-रविवार वरळीला जात होते. मला तिथलं आवडत होतं, हे खोटं कशाला सांगू. सगळं नीटनेटकं, शिकलेलं लगेच हाताशी येणारं. सुलभा साडेपाचला पर्स उचलून निघायची. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या तळाशी, लाज वाटते लिहायला, थोडं बरंही वाटलं. पुढच्या खेपेला ती पास झाली. मुदत संपली तेव्हा मी नव्या विभागात गेले, नावाखाली पद लागलं, आणि सुलभाची बदली परळच्या शाखेत खिडकीवर झाली. निरोपाच्या चहाला ती आली, सगळ्यांशी हसून बोलली, आणि मला म्हणाली, "आईला जप." बस, एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. मी गेले डिलाईल रोडला. माणसं पांगल्यावर गॅलरीत आम्ही दोघीच उभ्या होतो. मी म्हटलं, "सुलभा, त्या दिवशी मी जे बोलले..." ती म्हणाली, "ते मी त्यांना सांगितलं होतं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती म्हणाली, "ऐक तरी. मी घरी येऊन रडत रडत सांगितलं, वैदू असं असं म्हणाली. बाबा म्हणाले, 'त्या पोरीक तुझी काळजी वाटली म्हणान बोलला ता. तिका सोडू नको.' मीच दोन वर्षं फुगून बसले. आता ते नाहीत तर म्हटलं, त्यांचं एक तरी ऐकावं." मग आम्ही दोघी रडलो. आतून तिच्या आईने चहा प्यायला हाक मारली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच कप घेऊन बाहेर आली.

तिची पदवी साडेतीन वर्षांनी पूर्ण झाली. तोवर मी नव्या विभागात स्थिर झाले होते असं मला वाटत होतं. पण वरळीच्या त्या तरुणाने सांगितलं होतं तसंच झालं, नवीन आलं. बँकेने सगळी यंत्रणा बदलायला घेतली आणि मी जे शिकले होते त्याची नावंसुद्धा कुणी घेईना. तरुण मुलं भराभर बोलायची, मी मान हलवायची, आणि घरी येऊन पुस्तिका चाळत बसायची. शेवटी एका रविवारी दुपारी मी सुलभाकडे गेले. तिने मला काही विचारलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने त्यावर चौकोन काढले, बाण काढले. "हे बघ, खाली एवढंच असतं. वरचा रंग बदलतो." सहा-सात रविवार मी तिच्याकडे शिकले. तिची आई मधूनमधून डोकावून म्हणायची, "गणित लहानपणापास्ना येता तिका. माका वाटला, गेला ता सगळा वाया." जुन्या यंत्रणेतली खाती नव्या यंत्रणेत उतरवताना काहीतरी अडायला लागलं, तेव्हा मी वरिष्ठांना सांगितलं की परळच्या खिडकीवर एक बाई बसते, तिला बोलवा. त्यांनी बोलावलं. तीन महिन्यांच्या बोलीवर आली आणि निवृत्त होईपर्यंत मुख्य कचेरीतच राहिली.

वाचणाऱ्याला वाटेल की तिचं बरोबर ठरलं आणि माझं चुकलं. मलाही तसंच वाटायचं, आणि एकदा मी ते तिच्याजवळ बोलूनही दाखवलं. ती चिडलीच. "तुझी आई आजारी होती. तुला त्या दीड वर्षात जागा लागणारच होती. तुझ्यासाठी वरळीच बरोबर होतं, माझ्यासाठी दादर. आणि माझं बरोबर ठरलं ते तू माझं नाव घेतलंस म्हणून. नाहीतर मी आजही परळला पासबुकं छापत बसले असते, गणित करत." तिची ही बाजू लोकांना कमी ठाऊक आहे. नंतरच्या काळात तिला लोक विचारायला यायचे. कचेरीतली, चाळीतली, कुणाच्या ओळखीची कुणी. नोकरी करतेय, पुढे शिकायचंय, अमुक घेऊ की तमुक. त्यातल्या कित्येकांना तिने छोटेच अभ्यासक्रम घ्यायला सांगितले. घरी कोण आहे, किती वाजता सुटतेस, प्रवासाला किती वेळ लागतो, झोप किती लागते, हे सगळं विचारायची. अभ्यासक्रमाचं पत्रक सगळ्यात शेवटी बघायची. "कोर्स चांगला की वाईट ते सोपं असतं गो," मला म्हणायची, "माणूस कुठल्या वेळेला त्याच्याकडे जातो, ते कठीण."

निवृत्तीनंतर ती दादरच्या त्याच कॉलेजात जायला लागली, पहिल्या सत्रातल्या नोकरदारांना गणित शिकवायला. काणेकर सर तोवर थकले होते, त्यांनीच तिला बोलावलं. मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले. दिवसभर काम करून आलेली पंचवीस-तीस माणसं, आणि फळ्यासमोर सुलभा. एक मुलगा पेंगत होता. तिने त्याला उठवलं नाही, त्याच्या शेजारच्याला म्हणाली, "याच्यासाठी पण उतरवून घे रे." वर्ग सुटल्यावर मी म्हटलं, "झोपू कसं देतेस?" ती म्हणाली, "झोपायला इथपर्यंत आला ना. घरी नाही गेला."

मागच्या वर्षी पोटाचा आजार निघाला. उपचारांच्या मधल्या आठवड्यांतही ती वर्गावर जायची, उभं राहवेना तेव्हा खुर्चीत बसून शिकवायची. शेवटचं भेटले तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, हाताची काडी झालेली. माझ्या गोळ्यांची पाकिटं मागून घेऊन तिने एकेक तपासलं आणि म्हणाली, "ही सकाळची तू दुपारी घेतेस. म्हणून चक्कर येते तुला." मी म्हटलं, "आजारी तू आहेस." ती म्हणाली, "माझं ठरलंय आता. तुझं अजून ठरायचंय." खाली रस्त्यावर कुणाची तरी वरात चालली होती, ती दोघींनी ऐकली...

बाराव्या-तेराव्याचं सगळं झाल्यावर तिच्या भावाने, नंदूने, मला बोलावून घेतलं. त्याच्या हातात सुलभाचा फोन होता. "वैदेहीताई, हा बंद करावा असं वाटत होतं," तो म्हणाला, "पण लोक अजून विचारतात. माझ्याकडे काही उत्तर नसतं." तेवढ्यात फोन वाजलाच. परळच्या एका रुग्णालयात नोंदी ठेवण्याच्या विभागात काम करणारी मुलगी होती, एकतीस वर्षांची. "तावडे मॅडम ना?" तिने विचारलं. मी तिला सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "सॉरी... मला माहीत नव्हतं. मग मी आता कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "मला विचार. त्यांच्याइतकं गणित मला येत नाही."

तो फोन आता माझ्याकडे असतो. सकाळी मी त्याला चार्जिंगला लावते. आठवड्यातून एखाद-दोनदा वाजतो. मी उचलते, आणि आधी सांगते की सुलभा तावडे आता नाहीत. पलीकडचं माणूस सॉरी म्हणतं. मी वाट बघते. मग ते म्हणतं, "त्याचं काय आहे मॅडम, मी नोकरी करतेय, आणि माझ्यासमोर दोन कोर्स आहेत..."